गिरकीच्या आधीची सरळ उडी

१४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकर जिम्नॅस्टिक्समधल्या व्हॉल्टच्या अंतिम फेरीत उतरली, तेव्हा भारतात रात्र जागवणारे सगळे तिच्या दुसऱ्या उडीची वाट पाहत होते. ती उडी म्हणजे प्रोडुनोव्हा. टेबलावर हात टेकून पुढच्या पुढे दोन गुलांट्या आणि मग जमीन. तिला १५.२६६ गुण मिळाले. मात्र अंतिम गुण दोन्ही उड्यांच्या सरासरीने ठरतात. दीपाची पहिली उडी होती त्सुकाहारा: टेबलाकडे झेपावतानाच अर्धं वळण, हाताचा धक्का, मागे गुलांट आणि त्याच गुलांटीत अंगाभोवती दोन पूर्ण गिरक्या. तिला १४.८६६ गुण मिळाले. सरासरी आली १५.०६६. स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरने फक्त ०.१५० गुणांनी पुढे राहून कांस्य नेलं आणि दीपा चौथी आली.

प्रोडुनोव्हात एकही गिरकी नाही. गिरक्या होत्या त्या पहिल्या उडीत, आणि तिची चर्चा चहाच्या टपरीवर कुणी केली नाही. गावोगावची पोरं मात्र आज नेमकं तेच शिकायला निघाली आहेत.

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये याचा प्रत्यय शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणपतीपुढच्या डान्स ग्रुपमध्ये येतो. एखाद्या मुलाला बॅक फ्लिप जमलेली असते. मग तो फोनवर ‘फुल ट्विस्ट’ पाहतो, मागे गुलांट आणि त्यात एक पूर्ण गिरकी. दुसऱ्या दिवशी मैदानात जाऊन तो उडण्याआधीच खांदा मागे फेकतो. फिरतो खरा, पण उंची जाते आणि तो तिरका, एका पायावर, गुडघा मुरगळत उतरतो. मित्र म्हणतात, ‘जोर कमी पडला.’ बहुतेक वेळा जोर पुरेसा असतो. घाई नडलेली असते.

इथे थोडं शास्त्र पाहावं लागतं. पाय जमिनीवरून सुटले की हवेत अंगाला नवीन फिरकी मिळत नाही. सोबत आणलेलीच वापरायची असते. वेळही मोजकाच. अंगाचा गुरुत्वमध्य सुटताना होता तिथून ३० सेंटिमीटर वर गेला, तर हवेत साधारण अर्धा सेकंद मिळतो. ६० सेंटिमीटरला ०.७ सेकंद, एक मीटरला ०.९ सेकंद. म्हणजे उंची दुप्पट केली तरी वेळ दीडपटसुद्धा होत नाही. एवढ्यात गुलांट पुरी करायची, गिरकी घ्यायची, ती थांबवायची आणि जमीन शोधायची. सुटतानाच खांदा वळवणारा मुलगा यातली उंची स्वतःच्या हाताने घालवतो, कारण पायांचा जोर सरळ वर जाण्याऐवजी बाजूला सांडतो.

गिरकी मुळात अवघड नाही. ताकाची रवी दोन्ही तळव्यांत धरून लांबीच्या अक्षाभोवती सहज फिरते, पण तीच टोकाला धरून टोकावर टोक अशी फिरवायला मनगट लागतं. शरीराचंही तसंच. हात कानाशी घेऊन ताठ झालेल्या शरीराला गुलांटीत फिरवायला लागणारा जोर, अंगाभोवती गिरकी घ्यायला लागणाऱ्या जोराच्या दहापटींहून जास्त असतो. म्हणून चांगली उंच आणि ताठ गुलांट असेल, तर गिरकीला त्यातला थोडासा वाटा पुरतो.

हा वाटा काढायच्या दोन रीती आहेत. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातले फ्रेड येडन यांनी १९९३ मध्ये गिरकीच्या गुलांटीवर शोधनिबंधांची मालिका लिहिली. त्यात हा फरक नीट मांडला आहे. पहिल्या रीतीत पाय जमिनीवर असतानाच अंग वळवून जमिनीकडून फिरकी घ्यायची. ही सोपी, पण अशी घेतलेली गिरकी उतरेपर्यंत अंगात राहते. दुसऱ्या रीतीत आधी सरळ वर जायचं. गुलांट सुरू झाली की वर असलेल्या दोन हातांपैकी एक झपकन खाली छातीशी आणायचा आणि दुसरा क्षणभर वरच ठेवायचा. त्यामुळे शरीर किंचित एका बाजूला कलतं, आणि कललेलं शरीर गुलांटीतलंच थोडं फिरणं गिरकीकडे वळवतं. पुढे हात योग्य वेळी उलट्या क्रमाने उघडले की कल कमी होतो आणि गिरकी मंदावते. उतरायच्या आधी हात पसरणारा खेळाडू शोभेसाठी ते करत नसतो. तो गिरकीला ब्रेक लावत असतो.

प्रत्यक्षात प्रत्येक खेळाडू दोन्ही रीती थोड्याथोड्या मिसळतो. मात्र शिकणाऱ्याने दुसरीकडे झुकलेलं बरं. पहिलीचा चटका चटकन लागतो आणि मग गुडघा तो वर्षानुवर्षं भोगतो.

यासाठी गावात काय करता येईल? तालुक्याच्या गावात पूर्ण मापाचा, खाली स्प्रिंग बसवलेला १२ बाय १२ मीटरचा फ्लोअर किंवा फोमचा खड्डा सहसा नसतो. पण तालीम असते, आणि ती कमी लेखायची वस्तू नाही. १९७० मध्ये एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणणारे हरिश्चंद्र बिराजदार याच लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. जोर, बैठका, मल्लखांब आणि लाल मातीतल्या कोलांट्या यांनी तयार झालेलं पोट आणि खांदा ही गिरकीची निम्मी तयारी असते. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची परंपरा पुन्हा उभी केली. त्याच मल्लखांबावर चढलेल्या मुलाला उलटं असताना आपले पाय कुठे आहेत, हे आपसूक कळतं. हे भान पैसे मोजून विकत मिळत नाही. एक गोष्ट मात्र मल्लखांब शिकवत नाही. धावत येऊन दोन्ही पायांनी जमिनीला रेटा देत वर जाणं जमिनीवरच शिकावं लागतं.

तयारीची सुरुवात पाठीवर झोपून होते. कंबर जमिनीला चिकटलेली, पोट आत, हात कानाशी, पाय जोडून टीचभर वर. जिम्नॅस्टिक्समध्ये याला ‘हॉलो’ म्हणतात. या अवस्थेत हात-पाय जमिनीला न लावता लोळत पोटावर यायचं आणि तसंच पुढे लोळत पाठीवर जायचं. दोन्ही बाजूंना. ज्याचे पाय लोळताना सुटतात किंवा कंबर मोडते, त्याचे हवेतही सुटणार आणि मोडणारच. दिसायला हा व्यायाम पोरकट वाटतो, म्हणून मुलं तो टाळतात. प्रशिक्षकाने टाळू देऊ नये.

मग उभ्या उड्या. मैदानात फक्कीने एक फुली काढायची. तिच्या मधोमध उभं राहून हात कानाशी नेत सरळ वर उडायचं आणि पाव वळून फुलीवरच उतरायचं. त्यानंतर अर्धं वळण, मग पूर्ण. उतरल्यावर मनात तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. फुलीच्या डावीकडे उतरणारा मुलगा सुटतानाच डावीकडे झुकलेला असतो. हे त्याला ओरडून सांगावं लागत नाही, पायाखालची फक्कीच सांगते. पूर्ण वळण दहांतून आठ वेळा फुलीवर स्थिर आल्याशिवाय गुलांटीतल्या गिरकीचा विषय काढू नये.

याच उड्यांतून आपली बाजू कळते. कुणी डावीकडे सहज वळतो, कुणी उजवीकडे. लिहिण्याच्या हातावरून हा अंदाज बांधू नये, तो अनेकदा चुकतो. दोन्ही बाजूंना उड्या मारून, लोळून आणि हँडस्टँडवर वळून पाहावं. ज्या बाजूला शरीर ताठ राहतं ती बाजू घ्यावी आणि मग पुढच्या-मागच्या सगळ्या गिरक्यांना तीच ठेवावी. एका कौशल्याला डावी आणि दुसऱ्याला उजवी बाजू लागली, तर सुरुवातीला काहीच बिघडत नाही. बिघडतं पुढे, उड्या एकापाठोपाठ एक जोडायच्या वेळी.

राउंड ऑफ, म्हणजे धावत येऊन कार्टव्हीलसारखे हात टेकून, वळून दोन्ही पायांवर एकदम उतरणं, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मुलं तो नुसता रस्ता समजून उरकतात. खरं तर गिरकीतल्या चुका तिथेच जन्म घेतात. हात एका रेषेत टेकले नाहीत, की पाय वाकडे येतात. पाय वाकडे आले, की खांदे आपोआप फिरलेले असतात आणि वर जाण्याआधीच अर्धी गिरकी होऊन बसते. राउंड ऑफनंतर छाती उंच, हात कानाशी, नजर समोरच्या भिंतीवर. डोकं मागे टाकायचं नाही. मान वळली की खांदा उतरतो आणि खांदा उतरला की उंची गेली, ही साखळी प्रत्येक पिढीतल्या प्रशिक्षकाने पाहिलेली असते.

इथे फोनचा उपयोग रीलपेक्षा चांगला होतो. एकदा बाजूने आणि एकदा समोरून स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं आणि अंगठे जमिनीवरून सुटतात ती फ्रेम थांबवायची. त्या फ्रेममध्ये छाती समोर दिसली तर ठीक. छाती आधीच वळलेली असेल तर पुढचं पाहायची गरज नाही, दोष सापडला. छाती सरळ आहे आणि तरी मुलगा तिरका उतरतोय, तर पोट ढिलं पडतंय का, पाय फाकतायत का, ते पाहावं. गुलांट पुरी होत नसेल आणि तो हात टेकून ओणवा उतरत असेल, तर बहुधा डोकं लवकर मागे गेलं आणि पायांनी जमीन नीट रेटलीच नाही. गिरकी जास्त होऊन पुढे ओढला जात असेल, तर त्याने जमिनीवरूनच फिरकी उचललेली असते. दहा वेळा उडी मारण्यापेक्षा अशी एक फ्रेम नीट पाहणं लाखमोलाचं.

आता मातीबद्दल. तालमीची लाल माती तेल, हळद, ताक घालून मुरवलेली आणि रोज खोदून भुसभुशीत ठेवलेली असते. कोलांट्या, कार्टव्हील, हँडस्टँड यांना ती उत्तम. पण गिरकी घेऊन उतरायला ती वाईट, आणि हे सांगितलं की वस्तादही एकदा भुवया उंचावतात. कारण साधं आहे. भुसभुशीत मातीत पाऊल रुतून बसतं. अंगात गिरकी शिल्लक असेल तर वरचं शरीर फिरत राहतं, पाऊल फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. बाहेरच्या मैदानाची तर बातच नको. इथली काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते आणि पावसात चिकटते.

गाद्यांचंही तेच. घरच्या कापसाच्या गाद्या रचून उडी मारली की त्या सरकतात आणि दोन गाद्यांमधल्या फटीत घोटा अडकतो. शाळेतली कबड्डीची मॅट पडण्या-लोळण्याला ठीक, पण स्पर्धेतली उतरायची मॅट २० सेंटिमीटर जाड असते, हे लक्षात ठेवावं. आगरतळ्यात दीपाचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी भंगारातल्या स्कूटरचे भाग वापरून तिच्यासाठी सरावाचं साहित्य बनवल्याची हकिकत वर्तमानपत्रांतून खूप गाजली. ती वाचून ‘जुगाडाने सगळं होतं’ असं वाटू शकतं. पण नंदी स्वतः भारताकडून खेळलेले जिम्नॅस्ट होते, आणि कशाला जुगाड चालतो व कशाला नाही हे त्यांना ठाऊक होतं. सामान जुनं असलं तरी त्याच्या बाजूला उभा असलेला माणूस शिकलेला होता.

म्हणून एक रेघ ठाम ओढावी. गावात करायचं ते: अंग कमावणं, लोळणं, उभी वळणं, हँडस्टँड, राउंड ऑफ आणि प्रशिक्षक असेल तर बॅक हँडस्प्रिंग. गावात करायचं नाही ते: गुलांटीत गिरकी. स्नेहसंमेलनाच्या लाकडी फळ्यांच्या स्टेजवर तर नाहीच. त्यासाठी सोय असलेल्या हॉलमध्येच जावं. उदगीरकरांना छत्रपती संभाजीनगर तीनशे किलोमीटरांहून लांब पडतं, पण तिथे जिम्नॅस्टिक्सची परंपरा आहे, प्रशिक्षक आहेत, साहित्य आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतला महिनाभराचा सराव वर्षभराच्या आंधळ्या धडपडीपेक्षा जास्त देतो. राज्याचं क्रीडाखातं २०२३-२४ मध्ये उदगीरच्याच आमदारांकडे, संजय बनसोडे यांच्याकडे होतं. अशा गावाने फोमच्या खड्ड्याची मागणी करायला संकोच करू नये. पण खड्डा येईपर्यंत रेघ ओलांडू नये.

हॉलमध्ये गेल्यावरही गिरकी पहिल्या दिवशी मिळत नाही. राउंड ऑफ, बॅक हँडस्प्रिंग, आणि मग सरळ वर जाऊन ताठ शरीराने उंच रचलेल्या मऊ मॅटवर पाठीवर पडणं, हा पहिला धडा. अंग सरळ आणि पाय जोडलेले राहिले की त्याच उडीत अर्धं वळून पोटावर पडायचं. या दोन पायऱ्यांवर आठवडे जातात आणि जाऊ द्यावेत. पुढच्या गुलांटीत अर्धी गिरकी घेतात, ती बरानी. बऱ्याच जणांना गिरकीची पहिली ओळख तिथून सोपी पडते, कारण उतरेपर्यंत जमीन डोळ्यांसमोर राहते. मागच्या गुलांटीत अर्धी गिरकी घेतली की उतरताना जमीन दिसत नाही. पूर्ण गिरकीत शेवटी ती पुन्हा दिसते. म्हणून अर्ध्यावर फार काळ रेंगाळण्यापेक्षा मऊ मॅटवर पूर्ण गिरकी लवकर गाठावी, असं अनेक प्रशिक्षक मानतात.

आधार देणाऱ्याने आधीच विचारून घ्यावं, पोरगं कोणत्या बाजूला फिरतं. नाही विचारलं तर त्याचं कोपर नाकावर बसतं. हात कमरेला द्यायचा. मानेला किंवा दंडाला धरून गिरकी थांबवायला जाणं दोघांनाही महागात पडतं. आणि आधार देणाऱ्याला त्या उडीचा सराव हवा. ‘तू इथं उभा राहा, पडला तर धर’ असं मित्राला सांगणं म्हणजे आधार नव्हे.

आणखी एक गोष्ट, जिची कल्पना पालकांना हवी. २७ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची सिमोन बाइल्स व्हॉल्टवर अडीच गिरक्यांच्या उडीला निघाली आणि हवेत दीड गिरकीवरच तिचं भान सुटलं. आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. जिम्नॅस्ट याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. दोनच वर्षांपूर्वी तिने फ्लोअरवर दुहेरी गुलांटीत तीन गिरक्या घेऊन दाखवल्या होत्या, त्यामुळे सराव किंवा हिंमत कमी पडल्याचा प्रश्नच नव्हता. तिने सांघिक अंतिम फेरी सोडली, मऊ मॅटवर सराव करून पाहिला आणि ३ ऑगस्टला बीमवर गिरकी नसलेली उतरण निवडून कांस्य मिळवलं. पॅरिसला २०२४ मध्ये ती पुन्हा सर्वांगीण विजेती ठरली. एखादी मुलगी म्हणाली, ‘सर, हवेत काही कळेना झालंय,’ तर तिला ‘घाबरतेस काय’ असं म्हणून पुन्हा ढकलू नये. गिरकी काढून टाकावी, साध्या सरळ गुलांटीवर परत यावं आणि पाव वळणापासून पुन्हा चढावं. काहींना दोन दिवस लागतात, काहींना दोन महिने.

ढकलण्याचा शेवट कुठे होऊ शकतो, ते सोव्हिएत संघाच्या येलेना मुखिना हिच्या नशिबी आलं. १९७८ ची ही विश्वविजेती पाय मोडून पूर्ण बरी होण्याआधीच सरावाला जुंपली गेली. जुलै १९८० मध्ये मिन्स्क इथे फ्लोअरवर ‘थॉमस साल्टो’ करताना तिची मान मोडली. ही उडी म्हणजे दीड गिरकीसह पावणेदोन गुलांट्या आणि शेवटी कोलांटीत उतरणं. पायात रेटा नव्हता, उंची मिळाली नाही. उरलेलं आयुष्य तिने अंथरुणावर काढलं आणि २००६ मध्ये ती गेली. त्या जातीच्या उड्या पुढे नियमांनी बंद केल्या.

आपल्याकडे दडपण वेगळ्या वाटेने येतं. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, बोर्डाच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण आहेत, त्यामुळे ‘यंदा विभागाला जायलाच पाहिजे’ ही घाई घरातूनच सुरू होते. त्यात लातूर पॅटर्नच्या या मुलखात पहाटेची शिकवणी सुटत नाही. मुलगी अर्धी झोप आणि रिकामं पोट घेऊन मैदानात येते. थकलेल्या पायांनी गिरकी शिकवू नये. आठ-दहा नीट उड्या झाल्या आणि अकरावी खालावली, की त्या दिवशीचं ते काम संपलं. उरलेला वेळ पोटाच्या आणि खांद्याच्या व्यायामाला द्यावा.

नव्या हॉलमध्ये गेल्यावर प्रशिक्षकाला तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: गिरकीची बाजू कोणती, गेल्या वर्षभरात गुडघा किंवा घोटा कधी दुखावला, आणि आतापर्यंत कोणती उडी कुठल्या जमिनीवर केली. फुल ट्विस्ट ‘येतो’ असं सांगायची घाई करू नये. चांगला प्रशिक्षक तसंही आधी ताठ, गिरकी नसलेली मागची गुलांट दाखवायला सांगेल आणि तिची उंची पाहूनच पुढचं ठरवेल.